बेंबी सरकली नव्हती, माय

माय, माझी बेंबी कधी सरकलीच नव्हती. हे तुला सांगायला तू जाऊन अकरा वर्षं झाल्यावर मुहूर्त लागला. मागच्या महिन्यात नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीतून पोटात पाहिलं. गर्भपिशवीच्या आत असतं तसलंच अस्तर माझ्या पिशवीच्या बाहेर, पार आतड्यापर्यंत वाढलं होतं. एंडोमेट्रिओसिस म्हणतात त्याला. मी तो शब्द त्यांच्याकडून मराठीत लिहून घेतला. इतकी वर्षं सगळे ज्याला नखरे म्हणत होते, त्याला नाव आहे.

मी आठवीत होते. धानाच्या रोवण्याचे दिवस, घरात कुणाला दम घ्यायला फुरसत नाही, आणि मी ओसरीवर पोट धरून पडलेली. तू पदर खोचून दारात उभी आहेस. "काऊन व, अशी लोळून राह्यली? सगळ्याच बायांले दुखते. तुलेच का नवलाचं पोट देलं देवानं?" संध्याकाळी मात्र तूच बेंबी बसवणाऱ्या म्हातारीला घेऊन आलीस. तिनं माझ्या पोटावर पणती पेटवली, वर लोटा पालथा घातला. कातडी लोट्यात ओढली गेली तशी ती म्हणाली, "सरकली होती. बसली आता." मी म्हणाले, "नाई बसली." तू माझ्या थोबाडीत दिलीस. मोठ्या माणसाला खोटं पाडते म्हणून. पुढं दर महिन्याला तो लोटा निघायचा. माय, मला त्या थापडेचा नाही, त्या लोट्याचा राग आहे आणि तो अजून गेलेला नाही. तू त्याच्यावर विश्वास ठेवलास, माझ्यावर नाही.

नंतर भेटले ते पँटशर्टातले बेंबीवाले. सोनोग्राफी नॉर्मल, रक्त नॉर्मल, म्हणजे बाईच्या डोक्यातच काहीतरी. एक म्हणाला, लग्न झालं की थांबेल. लग्न झालं. दुसरा म्हणाला, लेकरू झालं की थांबेल. तुझी नात झाली. दुखणं आपलं जागच्या जागी. कंडक्टरची नोकरी लागली तेव्हा तू गावभर सांगत फिरलीस, पण आलापल्लीहून सिरोंच्याला जाताना एकेक खड्डा ओटीपोटात कसा उतरतो, हे मी तुला कधी सांगितलं नाही. दांडा धरून, दात आवळून तिकिटं देते. तुझीच लेक ना, सहन करायला तूच शिकवलंस.

गेल्या वर्षी एका मोठ्या डॉक्टरनं पाच मिनिटांत निकाल लावला: पिशवी काढून टाका, मोकळ्या व्हाल. शेजारी बसलेले तुझे जावई लगेच मान डोलावू लागले. आपल्या गावातल्या किती बाया अशाच मोकळ्या होऊन आल्या आहेत, आणि त्यातल्या दोघी अजूनही पोट धरून बसतात, हे मला माहीत होतं. मी विचारलं, "काऊन दुखते, ते सांगा ना आधी."

"रोज दुखतं म्हणता ना? मग काढायला काय हरकत आहे?"

"साहेब, गाडी बंद पडली त मेकॅनिकबी आधी बोनेट खोलून पाह्यते. एकदम इंजिन नाई काढत."

बाहेर आल्यावर जावई कपाळाला हात लावून म्हणाले, "डॉक्टरसंग भांडते का कोनी?"

"मी भांडतो," मी म्हटलं. रजा टाकली आणि एकटी नागपूरला गेले.

तिथं त्या बाईंनी अर्धा तास नुसतं विचारलं. कधी दुखतं, कुठून कुठपर्यंत, शौचाला बसल्यावर दुखतं का, नवऱ्याजवळ जाताना दुखतं का. यातलं एकही मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी भर दवाखान्यात रडले आणि मला त्याची लाज वाटली नाही. त्यांनी वाढलेलं अस्तर काढलं, पिशवी राखली. पुन्हा दुखू शकतं, असंही स्पष्ट सांगितलं. दुखू दे. आता मला कुणी नाटकी म्हणून दाखवावं.

पण त्यांनी आणखी एक विचारलं होतं. "तुमच्या आईलाही असं व्हायचं का?" मी पटकन बोलून गेले, "नाई जी, माय ठणठणीत होती."

खोटं बोलले. धानाच्या बांधीत रोवणाऱ्या बाया एका ओळीत वाकून मागं सरकत जातात, आणि धुऱ्याकडचं, शेताच्या बांधालगतचं टोक तू कधी कुणाला दिलं नाहीस. महिन्यातले ते तीन-चार दिवस तू मधेच धुऱ्यावर टेकायचीस, पोटाशी मूठ दाबून, ओठ पांढरे. ओळ तुला सोडून सरकत राहायची. मग तू उठून दुप्पट हात चालवून त्यांना गाठायचीस. मी रोपांच्या पेंढ्या पोचवत सगळं पाहत होते. तेव्हा मला वाटायचं, तू कामचुकार आहेस.

पुढच्या तपासणीला हे सांगणार आहे. तुझी नात दहा वर्षांची झाली, तिच्यासाठी तरी ते कागदावर आलंच पाहिजे. आणि तुला लिहिलेला हा कागद त्याच फाईलमध्ये, रिपोर्टांच्या मागं राहील.

तू धुऱ्यावर टेकलीस की बाया तुला 'धुऱ्याची पाटलीन' म्हणून हसायच्या, आणि तूही त्यांच्यासोबत हसायचीस. ते नाव त्यांनी नव्हतं ठेवलं, माय. मी ठेवलं होतं.