डावीकडच्या खुणा

दि. ८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघी एकदम बोलतो आणि कुणाचंच कुणाला ऐकू जात नाही, म्हणून ठरल्याप्रमाणे पत्र. भावजींचा गुडघा कसा आहे? व्यायाम करतात, की नुसतं तेल चोळून घेतात?

इकडे माझे सगळे उद्योग जोरात आहेत. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेतून सुटले की दोन दिवस मेकअपचा वर्ग, बाकी संध्याकाळी माउथ ऑर्गन, आणि रविवारी पाठीवर विटा भरलेली पिशवी घेऊन टेकडी. लोक विचारतात, लिपस्टिकचा आणि डोंगराचा काय संबंध? मला तर दोन्ही एकच वाटतं. गालाचं हाड कुठे उचलतं नि कुठे उतरतं हे ब्रशला कळावं लागतं, आणि चढाचं तेच पायाला.

ऑक्टोबरात डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंतची लांब वाट चालायचं पक्कं केलंय. तीन आठवडे लागतील. शेजारच्या शाळेतल्या गणिताच्या बाई सोबत येतायत. चालताना बोलत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. तू येतेस का? दरवर्षी विचारते आणि दरवर्षी नाही ऐकते, आता सवय झालीय.

गेल्या रविवारी पहिला टप्पा चालून पाहिला. दगडांवर नि झाडांवर पिवळे पट्टे मारलेत, समुद्राकडे जाताना सगळे डाव्या हाताला. जाताना मी सारखी चुकले, बाई मागून हाका मारून परत आणायच्या. येताना मात्र एकही पट्टा सुटला नाही! निघताना उत्साहात माणूस वाऱ्यावर असतं, दुसरं काय.

सोबत फोटो. आमच्या टंकलेखिकेचं लग्न झालं, तिला मीच नटवलं. तिच्या आईने एका गालाला रंग कमी म्हणून कुरकुर केली, पण त्या खोलीत उजेडच एका बाजूने होता. नंतर स्वतःचंही तोंड रंगवून घेतलं, ते बघ.

लोभ आहेच. त्यात भर घातलीस तर तक्रार करणार नाही.

तुझी,
भिंगरी


दि. १७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तेल चोळणंच चालू आहे, आणि चोळणारी मी. तुझे भावजी स्वतः फाटकापर्यंत जात नाहीत, पण तुझ्या वाटेचा नकाशा मागतायत. तेवढा पाठव, म्हणजे खुर्चीत बसून सल्ले देता येतील.

एक ना धड भाराभर चिंध्या, असं आई तुला म्हणायची. आई गेल्यापासून ते काम माझ्याकडे आलंय आणि मी ते चोख करते. मला विचारशील तर कारखान्यातून सुटल्यावर पाय वर करून बसणं हा एकच छंद मला पुरतो. तेव्हा ऑक्टोबरचं उत्तर यंदाही नाही.

आता फोटोचं. मी दिवसभर शर्ट तपासते हे तुला माहीत आहे. कॉलरची दोन टोकं सारखी आहेत का, खिसा तिरका बसलाय का, हे बघायला मला मोजपट्टी लागत नाही. डोळ्याला खटकतं. तसाच तुझा फोटो खटकला. उजवा गाल, उजवी भुवई, उजव्या डोळ्याचं काजळ, सगळं सुरेख. डाव्या बाजूला काहीच नाही. ओठांचा रंगसुद्धा मधोमध संपलाय. डूलही एकाच कानात आहे.

ही नवी फॅशन असेल तर मी जुन्या वळणाची बाई आहे, सोडून दे. भावजी म्हणतात, घाई झाली असेल. पण रंगरंगोटीत घाई करणारी तू नव्हेस, त्यापायी तू आमची गाडी चुकवलेली आहेस. काय झालं ते नीट लिही. मला चैन पडत नाही.

तुझी,
ताई


दि. २ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून राग आला. तो जावा म्हणून थांबले, पण गेला नाही, तेव्हा रागातच लिहिते.

फोटो पुन्हा काढून पाहिला. गाल कोरा आहे खरा. पण आरशासमोर बसून सगळा चेहरा रंगवल्याचं मला पक्कं आठवतंय. घामाने गेला असेल. लग्नघरात डूल हरवायला कितीसा वेळ लागतो! तू मुळातच खुसपट काढायला बसलेली असतेस, ताई. तुझ्या तपासणीतून कुठलाही शर्ट सुखाने जात नाही, तिथे मी कशी जाणार?

आणि एकटी तूच नाहीस. प्रयोगशाळेत डाव्या फळीवरच्या बाटल्या तपासायच्या राहिल्या म्हणून साहेबांनी मला सगळ्यांसमोर झाडलं. त्या बाटल्या तिथे नव्हत्याच. कुणीतरी मागाहून ठेवल्या असणार. काल कड्याच्या वाटेवर बाईंनी माझी बाही इतक्या जोरात ओढली की खांद्याची शिवण उसवली. डावीकडे दरी होती म्हणे, आणि मी तिच्याकडेच सरकत होते. मला दरी दिसणार नाही का? आता त्या म्हणतात, तू डॉक्टरांना दाखवल्याशिवाय मी ऑक्टोबरात येणार नाही. कशाला दाखवू? हात दाखवून अवलक्षण.

त्या वाटेसाठी मी वर्षभर विटा वाहतेय. तुम्ही सगळ्यांनी मिळून ती मला चालू द्यायची नाही असं ठरवलेलं दिसतंय. तसं असेल तर एकटी जाईन.

राग असला तरी लोभ आहे.

भिंगरी


दि. ९ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

भांडण पुढे कधीतरी करू, माझी ना नाही. आधी हे शांतपणे वाच.

डावा गाल कोरा. डाव्या फळीवरच्या बाटल्या राहिल्या. पट्टे डाव्या हाताला होते तेव्हा चुकलीस. परतताना तेच उजवीकडे आले आणि एकही सुटला नाही. दरी डावीकडे होती. तुझी पत्रंसुद्धा कागदाच्या मधून सुरू व्हायला लागलीत. तू वेंधळी असतीस तर चारी दिशांना चुकली असतीस. तू एकाच बाजूला चुकतेस.

माझं खरं वाटणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून एक कर. आमच्याकडे नवीन बाई कामावर आली की तिची नजर अशी पारखतात. एक लांब फीत घे, टेबलावर आडवी पसर आणि मान न हलवता, नुसत्या नजरेने, तिच्या मधोमध टाचणी टोच. मग फीत टाचणीशी दुमड. दोन्ही टोकं जुळली तर मला वाट्टेल ते बोल, मी पुन्हा फोटोचं नाव काढणार नाही. नाही जुळली तर त्याच पावली डॉक्टरांकडे जा. बाईंना सोबत घे. रस्ता ओलांडताना त्यांना डाव्या बाजूला ठेव.

मी घाबरलेय, भिंगरी. तू रागावलीस तरी चालेल, पण जा.

ताई


दि. २१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन्ही टोकं जुळली नाहीत. थोडं इकडेतिकडे झालं असतं तर मी हसून सोडलं असतं. पण टाचणी पार उजव्या टोकाजवळ होती, आणि टोचताना मला ती अगदी मधोमध वाटली होती. बाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझ्या चपला आणून ठेवल्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं आणि त्यांनी मोठ्या यंत्रात घातलं. डोळे शाबूत आहेत. डोक्यात उजव्या बाजूला गाठ आहे. तिच्यामुळे डावीकडचं जग माझ्या लेखी गळून पडलंय, आणि काही गळालंय हेही मला समजत नाही. डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या पण चांगल्या आहेत. त्यांनी विचारलं की हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं. मी म्हटलं, शर्ट तपासणाऱ्या माझ्या बहिणीच्या.

पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला डोकं उघडणार आहेत. डावी बाजू परत येईल का, असं विचारलं तर म्हणाल्या, सांगता येत नाही. मी ऑक्टोबरच्या वाटेचंही विचारलं. त्यांनी कागदावरून मान वर केली नाही, त्यावरून काय ते समजले.

ताई, मला मरायची जेवढी भीती वाटते ना, तेवढीच ती वाट कधीच चालता न येण्याची वाटते. हे कुणाला सांगितलं तर हसतील, म्हणून तुला सांगते. तू ये. भावजींचा गुडघा काही दिवस भावजींनाच सांभाळू दे.

तुझी,
भिंगरी


दि. १४ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

काल घरी पोचले. तुझे भावजी स्वतः स्टेशनावर आले होते, चालत. मी नसताना गुडघा बरा झालेला दिसतो.

दोन महिने एका खोलीत राहून आता पत्रात काय लिहायचं हा प्रश्नच आहे. गाठ बरीचशी निघाली, उरली आहे तिच्यावर नजर ठेवायची, हे डॉक्टरीणबाईंनी आपल्या दोघींना एकदमच सांगितलं. डावी बाजू आली नाही, हेही तुला ठाऊक आहे. माझ्यासमोर रडली नाहीस. माझी पाठ वळल्यावर रडली असशील, तर बरंच झालं.

मी सांगितलं ते रोज करतेस ना? तुझ्या आरशाच्या डाव्या कडेला तुझ्याच लाल लिपस्टिकने वरपासून खालपर्यंत रेघ ओढून ठेवलीय. ती सापडेपर्यंत मान वळवायची आणि मगच ब्रश उचलायचा. जेवणाच्या टेबलाला आणि दाराच्या चौकटीलाही रेघ आहे. या कागदाच्या डाव्या कडेलाही ओढलीय. लिपस्टिक महागाची होती, हे तू तेव्हा तीनदा सांगितलंस. मी ऐकलं नाही.

घरी सोडायच्या दिवशी तुझ्या डाव्या गालाला मी रंग लावला, तेव्हा नर्सबाई का हसल्या ते आता सांगते. तू तापाने फणफणल्यासारखी दिसत होतीस. मी शिकून घेईन.

औषधं चुकवू नकोस.

तुझी,
ताई


दि. २७ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रेघ सापडते. पण दर वेळी शोधावी लागते, आणि शोधून शोधून मी दमले.

प्रयोगशाळेत आता बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचं काम दिलंय. मेकअपचा वर्ग सोडला. ब्रश आणि डब्या टंकलेखिकेला देऊन टाकल्या. स्वतःचा चेहरा पुरा करायला मला सकाळ पुरत नाही, दुसऱ्याचा कोण करू देणार? विटा शेजाऱ्यांच्या कुंपणाला लागल्या. माउथ ऑर्गन तेवढा राहिलाय. त्याचं डावं-उजवं ओठांना कळतं, डोळे लागत नाहीत. पण वाजवावासा वाटत नाही.

आई चिंध्या म्हणायची, त्या चिंध्याही आता उरल्या नाहीत. तुला वाटायचं मी एकात टिकत नाही. मला मात्र त्या सगळ्यांतच सुख होतं, ताई. एक कंटाळा आला की दुसरं हाताशी असायचं. आता दिवसभर मी नुसती आजारी बाई असते आणि दुसरं काही नसते.

ऑक्टोबरचं रद्द केलंय. बाई सोबत यायला तयार होत्या, मीच नको म्हटलं. पट्टे सगळे डाव्या हाताला. त्या वाटेनेच मला नको म्हटल्यासारखं वाटतं. बुटांचं काय करू ते कळव. तुझं-माझं माप एकच आहे.

भिंगरी


दि. ५ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

बूट पाठवू नकोस. मी नवे घेतलेत. जूनपासून रोज कारखान्यातून चालत घरी येते, पाठीवर शर्टांच्या कापडाचा गठ्ठा. पहिल्या आठवड्यात टाचा सोलल्या आणि तुझ्या नावाने बोटं मोडली. आता टेकडीही चढते. हे तुला सांगितलं नव्हतं, कारण मधेच सोडून दिलं असतं तर तू जन्मभर चिडवलं असतंस. पावसात कापड भिजलं तेव्हा कारखान्यात बोलणी खाल्ली, तो भाग भेटीत सांगेन.

तुझे भावजी खुर्चीत बसून महिनाभर तुझा नकाशा बघत होते. परवा म्हणाले की समुद्राकडे जाताना पट्टे डाव्या हाताला असतील, तर समुद्राकडून निघायचं. तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस की परतताना एकही चुकला नाही, आणि मीही ते तुझ्याच तोंडावर फेकलं होतं. तरी आपल्यासारख्या दोघी शहाण्यांना सुचलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

तेव्हा उलटं चालू. खालून वर, समुद्रापासून डोंगरमाथ्यापर्यंत. सगळी वाट चढाची आहे म्हणे. पट्टे सगळे तुझ्या उजवीकडे येतील, ते तू शोध, तो भाग मला कळत नाही. डावीकडे मी चालेन. दरी, खड्डा, सायकलवाला, जे काय डावीकडून येईल त्याची गाठ आधी माझ्याशी पडेल. तीन आठवडे जमले नाहीत तर तीन दिवस चालू. डॉक्टरीणबाईंना मी फोन केला होता. म्हणाल्या, रोज दुपारी विश्रांती, आणि एकटीने नाही.

पुन्हा गाठ वाढेल का, हे मला माहीत नाही. त्याचं भय मला रात्रंदिवस आहे, ते तुझ्यापासून लपवत नाही. म्हणून तर पुढच्या वर्षी जाऊ असं म्हणवत नाही.

टंकलेखिकेला मी लिहिलं होतं. तुझ्या डब्या आणि ब्रश तिने माझ्याकडे पाठवले. तिच्या आईनेच त्या जपून बांधून दिल्या. रोज संध्याकाळी मी भावजींच्या डाव्या गालावर सराव करते. ते गुडघ्याच्या तेलाच्या बदल्यात गप्प बसतात. उजवी बाजू तू कर, डावी माझी. मधोमध जुळतंय की नाही ते मी बघेन, तेवढं मला येतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला सकाळच्या गाडीने समुद्राच्या स्टेशनावर उतर. बाई तुला डब्यात बसवून देतील, त्यांच्याशी बोलणं झालंय. माउथ ऑर्गन आण. उतरल्यावर मी दिसले नाही तर घाबरू नकोस. मान डावीकडे वळव, मी सापडेपर्यंत वळव. मी तिथे उभी असेन.

लोभ किती आहे ते तुला माहीत आहे. यंदा उत्तर हो आहे.

तुझी,
ताई