प्रेरणाचं जुनं नाव

ता. गोरेगाव, जि. गोंदिया
बुधवार, ८ जुलै २०२६

तुलसाबाई विहीणबाईले भूमेश्वरीचा रामराम. व्याह्यालेही सांगा.

इकडं घरात जितके आहोत तितके बरे आहोत. तुमी तिकडं अर्जुनीले बरे असाल असं धरून चालते. पाणी आलं. धानाचे पऱ्हे हिरवे झाले, आठ-दहा दिवसांत रोवणा लागंल. आमच्या ह्यांचा गुडघा तसाच आहे, तेल लावा म्हटलं तं लावत नाई, कण्हते मात्र दिवसभर. वासरू मोठं झालं.

आता म्हणाल, हिनं पत्र कायले लिहिलं, फोन मेला का हिचा. फोन तुमी उचलत नाई म्हणून लिहिलं. तुमच्या प्रेरणाच्या फोनवरून लावला तं उचलता, आन माझा आवाज आला का "हालो हालो, आवाज येऊन नाई राहिला" म्हणता. मले तुमचा येत होता, चांगला येत होता. मागं कुकरची शिट्टी झाली तेबी ऐकू आली. जाऊ द्या. मी चौथी शिकली, लिहाले हात दुखते, चुका काढत बसू नका. कामाचं तेवढं वाचा.

पोरगी कॉलेजात परत जातो म्हणते.

हे काम कसं निघालं ते सांगते. मागच्या महिन्यात ती सुपात तांदूळ घेऊन बसली होती. बसते तशी, खडे काढते का नाई काढत ते तिलेच माहीत नसते. फोन वाजला. कॉलेजातून मेसेज आला होता का जे पोरं-पोरी एक वर्ष करून सोडून गेले ते दुसऱ्या वर्षाले परत येऊ शकतेत. तिनं वाचला. सूप खाली ठेवलं. आन म्हणाली, "आई, जाऊ का?"

होळीपासून त्या पोरीनं या घरात काही मागितलं नव्हतं. जेवण बी नाई. वाढलं तं खाल्लं. मी म्हटलं, चल.

तुमाले आठवत असंल, साखरपुड्याच्या दिवशी व्याह्यांनी माईकवर सांगितलं होतं, "आमची मुलगी विद्यापीठाची प्रमाणपत्रधारक आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या ह्यांनीबी वाजवल्या. मी प्रमाणपत्र हातात घेऊन पाहिलं, रंगीत होतं, सोनेरी शिक्का होता, मले वाटलं झालं पोरीचं शिक्षण. तुमालेबी तसंच वाटलं. साऱ्या समाजाले तसंच वाटून राहिलं. पहिले पोरीचं कॉलेज अर्ध्यावर सुटलं का लोक म्हणत, अर्ध्यावर सुटलं. आता एका वर्षात कागद भेटते, आन लोक पेढे वाटतेत. या दोन वर्षांत आमच्याच गावात तीन पोरींचे लग्न त्या कागदावर जमले. कॉलेजात डिंपल मॅडम म्हणून एक आहेत, त्या म्हणाल्या, "मावशी, ते प्रमाणपत्र शिक्षण संपल्याचं नाही, थांबल्याचं आहे. अडचण आली तर बाहेर पडता यावं आणि परत येता यावं म्हणून विद्यापीठानं दिलं." मी म्हटलं, मॅडम, हे माईकवर कोणी सांगाले पाहिजे होतं.

तं आमी दोघी गोंदियाले गेलो. कॉलेजात विद्यापीठाचं शिबिर होतं. मोठी गाडी आली होती, वरून एक साहेब आले होते, पडद्यावर चित्रं दाखवून राहिले होते. म्हणाले, "अब बच्चा कभी भी जा सकता है, कभी भी आ सकता है." कोंबड्यांच्या खुराड्यासारखं. एका पोरानं उठून विचारलं का सर, पहिल्या वर्षाले माझा भूगोल होता, तो आता यादीत दिसत नाई. साहेब म्हणाले, विषय बंद नाई झाला, त्याची जागा बदलली. कॉलेजचे मास्तर खाली पाहून राहिले होते. भूगोलाले मास्तर एकच होते, ते रिटायर झाले, दुसरा दिला नाई. प्रेरणाचाबी भूगोलच होता. तिले मास्तर म्हणाले, अर्थशास्त्र घ्या. ती म्हणाली, चालते.

तिले सगळंच चालते आजकाल.

बाहेर भिंतीवर कागद लावले होते. नंदलाल म्हणून तिथले बाबू आहेत, ते डिंक लावून नवा कागद जुन्यावरच चिकटवून राहिले होते. इतके कागद एकावर एक, का भिंतीवर गादी झाली. मी विचारलं, "बाबू, जुना काढत काऊन नाई?" तं म्हणाले, "बाई, जुना परत लागू होते कधी कधी. काढला का मंग शोधत बसा." दिल्लीवाले नियम काढतेत, विद्यापीठ त्याचा कागद काढते, आन हा माणूस डिंक लावते. त्याचंबी बरोबर आहे.

मंग आमचा नंबर आला. प्रेरणानं प्रमाणपत्र दिलं, आधार दिलं. नंदलाल बाबूनं कम्प्युटरवर टाकलं, आन तोंड वाकडं केलं.

"नाव जुळून नाई राहिलं. प्रमाणपत्रावर पटले, आधारवर टेंभरे. मशीन घेत नाई."

"लग्न झालं तं नाव बदलणारच ना," मी म्हटलं. "तुमच्या बायकोचं नाई बदललं का?"

"माझ्या बायकोले कायले आणता मधात? मागच्या वर्षी स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं तरी घेत होतो. या वर्षी वरून आलं का आधारचं नाव आन मार्कांचं नाव एकच पाहिजे. विद्यापीठानं लगेच लागू केलं. माझ्या हातात काही नाई."

"मंग करू काय?"

"सोपं आहे. ग्रामपंचायतीतून लग्नाचं सर्टिफिकेट आणा. नवरा-बायकोनं दोघांनी जाऊन सही कराची. मिस्टरले घेऊन जा, एका दिवसाचं काम."

प्रेरणा वर पंख्याकडं पाहून राहिली होती. मी म्हटलं, तो येत नाई.

"काऊन? बाहेरगावी आहे? सुट्टी टाकाले सांगा."

"त्याले सुट्टी नाई भेटत."

मागच्या लाईनीतून कोणीतरी बोललं, "ऐसी कौनसी नौकरी है भाई, हमको भी लगा दो." पोरं हसले. हसण्यासारखंच होतं. 

मंग मी सांगितलं. "मेला तो. होळी झाल्यावर. कुडवा गावातल्या दुकानातून घरी येऊन राहिला होता, रस्त्यात ट्रॅक्टर उभा होता, मागं लाल लाईट नव्हता." कांद्याचा भाव सांगावा तसं सांगितलं. मले माझाच आवाज दुसऱ्याचा वाटला. नंदलाल बाबूनं हातातली डिंकाची बाटली बंद केली, उघडली, परत बंद केली.

तुमी तेरवीच्या दिवशी बायांमध्ये म्हणाल्या होत्या का ही बाई रडत काऊन नाई. मी ऐकलं होतं. येत नाई, तं काय करू? अजूनबी येत नाई. सकाळी उठते, शेण काढते, स्वैपाक करते, चार पोळ्या जास्त होतेत, त्या गायीले घालते. त्याची गाडी पडवीत आहे, पोत्यानं झाकली. विकत मागाले एक माणूस आला होता. मी त्याले चहा दिला आन परत पाठवला. त्यातबी मले काही वाटलं नाई.

नंदलाल बाबूनं आमाले डिंपल मॅडमकडं पाठवलं. चांगली बाई आहे, खुर्ची दिली. म्हणाल्या, मृत्यूचा दाखला लावून, वकिलाकडून लिहून, टेंभरे नावानं सगळं जुळवता येते, पण त्यात हे वर्ष जाईल. वीस जुलैले ॲडमिशन बंद. पुढच्या वर्षी परत येऊ देतील का, हे मी सांगू शकत नाही, पुढच्या वर्षी काय नियम राहील तेच आम्हाला माहीत नसते. दुसरा रस्ता जवळचा आहे. आधारवर पहिलं नाव परत करा. प्रेरणा दुर्गाप्रसाद पटले. आधारवाल्याची पावती आणून दाखवली तरी मी तिची जागा धरून ठेवते.

मी विद्यापीठाच्या साहेबालेच जाऊन विचारलं. जेवून राहिले होते. म्हटलं, साहेब, पोरगी हीच आहे, मी सासू हीच आहे, पाहून घ्या. ते म्हणाले, "माताजी, मैं मानता हूँ. लेकिन ऊपर से जैसा आया, हमने वैसा लागू किया. अगले साल शायद बदल जाए." माणूस वाईट नव्हता. हातातला घास तसाच धरून बोलला.

डिंपल मॅडम पोरीले म्हणाल्या, "फक्त कागदावर बदलायचं आहे, घरी तू यांची सूनच." प्रेरणानं प्रमाणपत्र परत पिशवीत घातलं.

त्या आधारवर नाव बदलून आणलं होतं योगराजनं. संक्रांतीच्या सुमारास, रेशनकार्डात तिचं नाव घालाचं म्हणून. मी म्हटलं होतं, एवढी घाई कायले, उन्हाळी धानाच्या रोवण्यानंतर करू. ऐकतो का? गाडीवर बसवून गोरेगावले नेलं. फोटो काढताना तिचे केस उडाले होते तं खिशातला कंगवा दिला म्हणे. पोरगी सांगत होती तेव्हा हसून हसून. घरी येऊन मले दाखवलं, "पाह्य माय, प्रेरणा योगराज टेंभरे." मले नीट वाचता येते, तरी बोट ठेवून वाचून दाखवलं त्यानं.

बसमध्ये येताना मी तिले विचारलं, करू का नाव परत? ती म्हणाली, "तुमी म्हणाल तसं." मी म्हटलं, मले विचारू नोको, तुले शिकाचं आहे का नाई ते सांग. गोरेगाव आलं तेव्हा म्हणाली, "शिकाचं आहे." उतरताना माझी पिशवी तिनं घेतली.

आता तुमचं काम सांगते. तिची शाळा सोडल्याचा दाखला तुमच्याकडं लोखंडी पेटीत आहे असं ती म्हणते. तो घेऊन तुमी दोघं येत्या बुधवारी, पंधरा तारखेले, गोरेगावले या. आधारवाला बसस्टँडच्या मागं बसते. व्याह्यांचं आधारबी घेऊन या, बापाचं लागते म्हणाला. सकाळच्या पहिल्या गाडीनं या, उशीर केला तं तो जेवाले जाते आन मंग येतच नाई. डबा मी आणते. भांडाचं असलं तं काम झाल्यावर भांडू.

तेरवीच्या दिवशी तुमी म्हणाल्या, पोरीले नेते, तिचं वय काय आहे, पुढं तिचं पुन्हा पाहू. मी म्हटलं होतं, सून या घरची आहे, नेऊ देत नाई. तुमी चहा न घेता गेल्या. घाई तुमीबी केली, चितेची राख थंड नव्हती झाली. पण आता नाव तुमच्या घरचं होऊन राहिलं, तं मी कोणत्या तोंडानं म्हणू का सून आमच्या घरची? राहाचं कुठं, ते तिले विचारा. इकडून कॉलेजले बस जवळ पडते. तिकडून रेल्वे आहे. मी तिले विचारलं नाई, आन विचारणारबी नाई, कारण मले पाहून ती इथंच म्हणंल. तुमी विचारा, मी आधारवाल्याकडं लाईनीत उभी राहीन तेव्हा.

पुढं तिचं पुन्हा जमवलं तं मले सांगा. पण पदवीचा पूर्ण कागद हातात आल्यावर. त्याच्या पहिले कोणी माईक हातात घेतला तं मी तिथं येऊन तमाशा करीन, हे व्याह्यांले आताच सांगून ठेवा.

नवा फोटो काढतील म्हणाला आधारवाला. योगराजचा कंगवा मी धुऊन पिशवीत ठेवला आहे.

पत्र संपवताना खाली काय लिहाचं यावर अडकली. बुधवारनंतर मी तुमची कोण लागते, हे कॉलेजात विचाराचं राहून गेलं. आज लिहून ठेवते. तुमाले खोडाचं असंल तं तुमच्या हातानं खोडा, माझ्यानं होत नाई.

तुमची विहीण,
भूमेश्वरी
योगराजची आई