सान व्हिसेंतेच्या दिवशीची छाटणी

ब्रिओनेस, २४ जानेवारी

प्रिय आई,

देवाच्या कृपेने मी बरा आहे, आणि तुझ्यासाठी रोज तेवढंच मागतो.

परवा सान व्हिसेंतेच्या सकाळी प्रार्थना आटोपून मळ्यात गेलो. द्राक्षवाल्यांच्या या संताच्या दिवशी इथे छाटणी सुरू करतात. मग माझ्यासोबत इथे राबणाऱ्या फर्मिनकाकांनी आणि मी गेल्या वर्षी छाटलेल्या वाळक्या काड्या पेटवल्या, निखाऱ्यांवर कोकराच्या फासळ्या भाजल्या आणि मालकांनी दिलेली पाच वर्षं मुरलेली इथली रिओहा वाइन उघडली. द्राक्ष आपल्याकडचंच, तेम्प्रानियो. पण इथे ते किती सौम्य होतं! आधी चेरीचा वास, मागून ओकच्या पिंपाचा गोडवा, आणि कोकराची चरबी जिभेवरून अलगद उतरवणारा तुरटपणा.

मी म्हणालो, "आमच्या बाबांची वाइन याहून काळी, रांगडी होती."

"होती?" काका हसले. "वेली मेल्या का रे? वीस वर्षं दुसऱ्याच्या वेलींचे लाड करतोयस, लेका!"

बाबांच्या वेली उपटून तिथे बदाम लावायला शेजारी आपला मळा मागतोय, आणि मी मात्र तुला फोनवर 'बघू' म्हणत राहिलो.

तुझ्या पायाची सूज उतरली का? जिना चढू नकोस. माझा गुडघा ठीक आहे, उतारावर जरा कुरकुरतो एवढंच.

शेजाऱ्याला नाही म्हणून सांग, आणि बाबांच्या छाटणीच्या कात्रीला तेल लावून ठेव. शनिवारपर्यंत मी फर्मिनकाकांकडे आहे. मालकांना खोलीची किल्ली कालच परत दिली.

तुझा,
एउतिमियो