करारातले गुरुजी

४ फेब्रु., मंगळ.
भालूची नोटीस आली. रजिस्टर्ड. शाळेत माझ्याशेजारी एका बाकावर बसलेला माणूस कागदात 'माझे अशील' झालाय. म्हणणं एवढंच: भागीदारी मोडायची, हातखंब्याची आंब्याच्या रसाची फॅक्टरी पाडायची, जागा वाटून घ्यायची. हायवेलगत आहे. भालूच्या निलेशला तिथे हॉटेल काढायचंय.
ही म्हणाली, "चहा टाकू?" म्हटलं, टाक. विशेष काही वाटलं नाही. पोफळींना पाणी सोडलं.

७ फेब्रु., शुक्र.
वकीलबाईंकडे. त्यांनी आमचा भागीदारीचा करार वाचला.
"काका, वाद झाला तर लवाद म्हणून एकच नाव आहे इथे. 'यांचा शब्द अंतिम.' हे कोण?"
"आमचे गुरुजी. मराठीचे."
"कुठे असतात?"
"गेले. बरीच वर्षं झाली."
"करार लिहिला कोणी हा?"
"आम्हीच. मी आणि भालूने."
बाई हसल्या नाहीत, बरं झालं. तेव्हा दुसरं कोणी सुचलंच नव्हतं. वर्गात आम्ही भांडलो की गुरुजी दोघांना उभं करून कविता म्हणायला लावायचे. एक ओळ मी, पुढची भालूने. दुसऱ्याची ओळ येत असली तरी म्हणायची नाही, तो अडला तर आठवेपर्यंत उभं राहायचं. शेवटच्या कडव्यापर्यंत भांडण कुठल्या कुठे. खिडकीबाहेरची जांभळ, खडूचा वास, भालूचा चिरका आवाज...
असो.

१० फेब्रु., सोम.
पुन्हा वकीलबाई. गुरुजी गेले तरी कलम जात नाही म्हणे. कोर्टाकडून दुसरा लवाद नेमून घेता येईल, तो देईल तो निर्णय दोघांवर बंधनकारक. पण त्यात यंदाचा हंगाम जाणार. नाहीतर आधी मध्यस्थी. मध्यस्थ निकाल देत नाही, समोरासमोर बसवतो. जमलं तर जमलं.
मध्यस्थी म्हटलं. भालूकडूनही होकार आला.

१८ फेब्रु., मंगळ.
सुलभाचा फोन. फॅक्टरीत साली काढणाऱ्या बायका तिच्याच हाताखाली.
"अण्णानू, यंदा बॉयलर पेटणार हाय ना? नायतर तसा सांगा. आमी पूर्णगडकडच्या फॅक्टरीत नावं घालतो. एकदा गेलो की परत येवचा नाय होनार."
म्हटलं, बघू.
"बघू काय, आंबा थांबनार हाय?"
खरं आहे. ही म्हणते, ग्रामदेवतेला कौल लावा. देवाला भागीदारीचा कायदा कोण समजावणार.

३ मार्च, सोम.
पहिली बैठक. मध्यस्थ निवृत्त न्यायाधीश, शांत माणूस. भालू वाळलाय. सगळं निलेशच बोलला.
"अण्णाकाका, तुम्ही दोघं अजून किती वर्षं ओढणार? डब्यातला रस घेतो कोण आता?"
चुकीचं नाही बोलला. मी ऐकत होतो, म्हणजे कानावर पडत होतं.
साहेबांनी भालूला विचारलं, "तुमचं स्वतःचं म्हणणं काय?"
"निलेश सांगेल."
माझ्याकडे बघितलंन नाही.

१२ मार्च, बुध.
दुसरी बैठक. बाहेर बाकावर आम्ही दोघेच, निलेश फोनवर.
"गुडघा कसा आहे, शिंच्या?"
"आहे."
 मग माझ्या तोंडून गुरुजींच्या कवितेची पहिली ओळ गेली. का, ते माहीत नाही. भालू भिंतीकडे बघत राहिला. ओठ हलले, आवाज नाही. तेवढ्यात शिपायाने नावं पुकारली.
आत साहेबांनी विचारलं, "हं, भालचंद्रराव, पाडायची का फॅक्टरी?"
निलेश बोलणार, तोच भालूने हात वर केला. "जरा थांबा साहेब. माझी ओळ आठवतोय."
निलेशने कपाळावर हात मारला. साहेबांनी पेन खाली ठेवलं. थांबलो सगळे. नाही आठवली. पाडण्याच्या कागदावर भालूने सही केली नाही. पुढची तारीख एकवीस.
घरी आलो तर सुलभाचा निरोप, परवा शुक्रवारपर्यंत काय ते सांगा.
भालूची ओळ मला येते. बाकावरही येत होती. फोन समोर आहे, त्याचा नंबरही पाठ आहे. पण सांगायची नाही, असं ठरलेलं आहे.