मुरमाआधी थांबवलेला पाया

मंगळवार, मे अखेर. संध्याकाळ.

गंगाखेडला काकांकडे जाऊन आलो. खिडकीच्या कोपऱ्यातली भेग आता खालपर्यंत उतरलीय. माझं बोट आत गेलं. मातीच्या विटांचं, नावापुरतं सिमेंट घातलेलं काकांचं हे घर माझ्याच हट्टानं, माझ्याच देखरेखीखाली झालं. विटा अजून दगडासारख्या आहेत. चुकला तो पाया. खाली काळी माती, पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. खालचा घट्ट मुरूम लागेपर्यंत खोदायचं ठरलं होतं. चार फुटांवर पाणी साचलं, गवंडी म्हणाला बस झालं, आणि मी मान डोलावली. का डोलावली?

काकूनं गॅस बाहेर पत्र्याखाली मांडलाय. "आत झोपायचं भ्या वाटायलंय," म्हणाली.

काकांना स्पष्ट सांगितलं, विटांचा दोष नाही, पाया माझ्यामुळं उथळ राहिला.

"लोक मातीलाच हसायलेत बाबा. तू कुणाकुणाला सांगत फिरशील?" काका म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, भेग लिंपली तर? बोट जातं तिथं लिंपून काय होणार? पाया अजून खचतोच आहे. पावसाळ्याच्या आत भिंती उतरवून घ्या, असं मीच सांगितलं. काका नुसतं "बरं" म्हणाले. भांडले असते तर बरं वाटलं असतं.