उजवा कौल

भटवाडी, घाटकोपर (प.)
सोमवार, १० मार्च १९८६

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार, पोरांना पापे. इकडे आम्ही सगळी धडधाकट आहोत. कोकमाच्या आगळाची बाटली पोचली, पण अर्धीच. बाकीचं आगळ आपल्या वाडीतल्या मार्तंडाच्या पिशवीत सांडलं आणि त्याचा पांढरा सदरा लाल झाला. त्याने दारात उभं राहून मला चार शब्द ऐकवले. मीही ऐकवले, बूच नीट बघून घ्यायला काय झालं होतं म्हणून. तरी बिचारा आज रात्रीच्या यष्टीने गावी निघालाय, तर हे पत्र त्याच्याच हातात देते. पोस्टाचा भरवसा नाही आणि मला वेळ नाही. तू एकटा असताना वाच.

आम्ही देवळाला दिलेली घंटा कशी वाजते रे? व्हाळापलीकडच्या वाडीत आवाज जातो असं तू लिहिलं होतंस. वाचून आमचे हे नुसते हसत होते, दोन दिवस. तिच्यावर 'सीताराम खंडू परब, मुंबई' असं कोरलंय ना? पितळेवरचं नाव घासून जातं का? उगाच विचारते.

इथे पाण्याची बोंब आहे. पहाटे नळावर भांडणं, काल तर एकीने दुसरीची कळशीच भिरकावली. शिमग्याला आमचं येणं होईलसं वाटत नाही. ह्यांना रजा नाही असं मी सगळ्यांना सांगते. खरं कारण वेगळं आहे.

दादा, बँकेत घोटाळा झालाय. म्हणजे बँकेनेच केलाय, आपण नाही. जानेवारीत ह्यांच्या खात्यात नऊ हजार आले ना, ते गिरणीकडे अडकलेले आपले पैसे नव्हतेच. सोनूबाई म्हणून एक बाई आहे, तिचा नवरा कारखान्यात कामावर असताना गेला. त्याच्या फंडाचे पैसे. खात्याचा एक आकडा चुकला आणि तिचे पैसे आपल्याकडे चढले. ती बाई दोन महिने बँकेत खेपा घालतेय आणि हे लोक तिला 'आले नाहीत, आले नाहीत' म्हणून परत पाठवतायत. आता बँकवाल्यांना शुद्ध आली! गेल्या आठवड्यात ह्यांना बोलावून बँकेचा साहेब म्हणाला, पैसे परत करा. पाच हजार खात्यात होते, ते त्यांनी उचलले. चार हजार कुठून आणायचे? ते तुझ्या देवळात टांगलेत आणि महाप्रसादात गावाने जेवलेत.

साहेब पोलिसांचं नाव काढायला लागला, तेव्हा हे म्हणाले, "साहेब, मी चोर नाय. माझी बायको येऊन विचारून गेलेली. खिडकीवरच्या मुलीनेच सांगितलं, पैसे तुमचेच म्हणून."

त्या खिडकीवर अनुपमा नावाची पोरगी बसते. विशीतली असेल, नोकरी अजून कच्ची. मला मावशी म्हणते. माझी पावती तीच भरून देते. आता साहेबाने तिच्यावर कागद काढलाय. तिची चूक ठरली तर पोलीस नाहीत, आपल्याला हप्ते बांधून देतील, आणि तिला घरी बसवतील. शनिवारी साहेबाने मला बोलावलंय. तिच्या तोंडावर सांगायचं, हीच ती म्हणून.

दादा, मी विचारलंच नव्हतं.

जानेवारीत ह्यांनी पुस्तक बघितलं आणि म्हणाले, "मालन, ह्यो आकडो बरोबर दिसना नाय. गिरणी चार हजार कबूल करता आणि नऊ कशी देता? बँकेत जावन इचार." मी गेले. रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे दोन माणसं असताना माघारी फिरले, आणि घरी येऊन सांगितलं, विचारलं, बरोबर आहे.

का, म्हणशील. अरे, कौल मिळाला होता ना! कार्तिकात मी तुला रडत पत्र लिहिलं, संप बुडाला, गिरणी बुडाली, आमचे पैसेही बुडाले म्हणून. तू रवळनाथाला गाऱ्हाणं घातलंस आणि लिहिलंस, "बाये, उजवी कळी पडली. शिमग्याच्या आधी पैसे येतले." पाषाणावरची उजवी कळी पडली म्हणजे देवाचा होकार, हे आपण आईच्या कडेवर असल्यापासून बघत आलो. देवाने दिलेले पैसे मोजायला मी बँकेतल्या पोरीला सांगू? मला त्याचीच भीती वाटली. विचारलं तर देवावर अविश्वास दाखवला असं होईल, आणि तो दिलेलं काढून घेईल. वाट लागली ती लागलीच.

हे अजून मला खरं मानतात. रात्री म्हणाले, "तू भिया नको, तू सांगितलंस तसाच सांग." मी अर्धी भाकरी टोपलीत परत ठेवून उठले.

मी खरं बोलले तर सगळं ह्यांच्या अंगावर येईल. पोलीस आले की ह्यांची आताची वॉचमनची नोकरी गेलीच, चोराला कोण दारावर उभं करतो? गप्प राहिले तर त्या पोरीचं आयुष्य जातं. माझ्याने ठरत नाही. म्हणून दादा, पाया पडते, पुन्हा एकदा कौल लाव. मी खरं लपवून गप्प राहू का, एवढंच विचार. उजवा पडला तर 'राइट' अशी तार कर, डावा पडला तर 'लेफ्ट'. तारवाला चक्रावेल, चक्रावू दे. शनिवारच्या आत कर. देव सांगेल तसं करीन.

तुझी,
मालन


भटवाडी
रविवार, १६ मार्च १९८६

दादा,

तुझी तार शुक्रवारी दुपारी मिळाली. 'राइट.' मी ती देव्हाऱ्यात ठेवली, नमस्कार केला आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले. रात्री मेल्यासारखी झोपले.

शनिवारी आम्ही दोघं बँकेत गेलो. तार मी पोलक्यात ठेवली होती. साहेबाने अनुपमाला आत बोलावलं. पोरीचे डोळे सुजले होते. साहेब मला म्हणाला, "बोला बाई, हिनेच सांगितलं का?"

मी तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, "सर, मला खरंच आठवत नाहीये. दिवसभर इतकी माणसं विचारतात. मावशी म्हणतायत तर सांगितलं असेल मी. मावशी खोटं कशाला बोलतील?"

दादा, तिने मला शिव्या दिल्या असत्या ना, तर मी बिनदिक्कत बोट दाखवलं असतं. देवाची परवानगी होती माझ्याकडे. पण ती पोर स्वतःच्याच डोक्यावर संशय घ्यायला लागली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही हो. हिने काही सांगितलं नाही. मी विचारलंच नाही. मी घरी खोटं सांगितलं."

हे माझ्याकडे बघतच राहिले. मग साहेबाला हात जोडून म्हणाले, "पैसे मी भरीन. महिनाअखेरपर्यंत वेळ द्या." आणि उठून बाहेर गेले. साहेब मला बरंच बोलला. बोलू दे, माझं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ह्या महिन्यात भरले तर पोलिसांत जाणार नाही, असं शेवटी म्हणाला. अनुपमा दारापर्यंत माझ्यामागे आली आणि तिने माझा हात धरला. मला तिच्याकडे बघायची लाज वाटली.

हे स्टेशनाकडून भटवाडीपर्यंत माझ्यापुढे चालत होते. एकदाही मागे बघितलं नाही. माझ्या कुड्या आणि ह्यांची अंगठी मोडायची ठरलीय, उरलेलं ह्यांच्या कंपनीतून उचल घेऊन. घंटेचं मी विचारलं, तेव्हा एवढंच बोलले, "घंटा रवांदे. देवाक दिलेला परत घेवचा नाय." जेवतात, पण आमटी माझ्याकडे मागत नाहीत, स्वतः उठून घेतात. पंधरा वर्षांत असं झालं नव्हतं. मारलं असतं तर बरं वाटलं असतं रे.

आणि ह्याच्यावर मला दुसरी भीती. कौल उजवा, आणि मी देवाचं ऐकलं नाही! संध्याकाळभर देव्हाऱ्यापुढे बसून रडले. ग्रामदेवतेचा शब्द मोडला, आता घरावर काय येतंय कोण जाणे, म्हणून घाबरून गेले.

काल रात्री शेजारची द्रौपदी गावाहून आली. तिचं माहेर आपल्याच वाडीतलं, माहीत आहे तुला. शेव-खाजं द्यायला आली आणि बोलता बोलता म्हणाली, कौल लावणाऱ्या गुरवाचा चुलता वारला, आठ तारखेच्या शनिवारपासून गुरवांना सुतक, देवळात कौल बंद आहे.

मी दोनदा विचारलं. बंद म्हणजे बंदच, म्हणाली. मार्तंड तर माझं पत्र घेऊन मंगळवारी पोचला.

म्हणजे ती तार देवाची नव्हती, तुझी होती. मी आधी हसले, मग चिडले, मग पुन्हा रडले. आमच्यावर पोलीस येऊ नयेत म्हणून तू देवाच्या नावाने खोटं बोललास. तुझ्यावर रागवायचं तोंड माझ्याकडे नाही, मीही घरात तेच केलं. पण त्या पोरीची नोकरी जाणार होती दादा, तू एकदा तरी तिचा विचार करायचास.

आता एकच विचारते. तार नको, मार्तंडाच्या हाती निरोपही नको, स्वतःच्या अक्षरात लिही. सांगशील ते मी ऐकेन, पण ह्या वेळी मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस. कार्तिकात मी रडत पत्र लिहिलं होतं, तेव्हा तरी तू देवळात गेला होतास का रे?

वाट बघते.

तुझी बहीण,
मालन