आत्याने सांगितलं, मतदान रद्द

३ जानेवारी

चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझा मायक्रोफोन पोचला. बस स्थानकाच्या त्या कोंदट खोलीत बसून जन्मभर ज्या डबड्यात मी घोषणा केल्या, त्यापेक्षा हा बराच बरा. निदान यात उंदीर नाही. चिमीसाठी तू मागितल्या होत्यास तशा गोष्टी वाचून पाठवल्या आहेत. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी, आता निवांत पड, मी आहे ना, असं म्हटलं आहे. तुझी लेक माझ्याजवळ असती तर हेच म्हटलं असतं. तुझं ते अ‍ॅप मध्ये मध्ये मान्य आहे का विचारत होतं. मी दाबत गेले. भाच्याच्या अ‍ॅपात काय वाचायचं!

इथे नगराध्यक्षाची निवडणूक आली आहे. आपले तारणहार पुन्हा उभे आहेत. त्यांचा फोटो नाही अशी जागा गावात उरली नाही. कचरापेटीवरचा तेवढा शोभतो. समोर आपली दवाखान्यातली नर्सबाई उभी आहे. ती परदेशी हस्तक असल्याचं शेजारच्या पेन्शनरांच्या फोनवर आलं आहे. पुरावा काय, तर तिची छत्री तिकडची आहे. गावचं रेडिओ केंद्र दुरुस्तीसाठी बंद ठेवलंय. बिघाड एवढाच होता, की त्यावर नर्सबाईची मुलाखत लागणार होती.

सुनेस आशीर्वाद, चिमीस गोड पापा. माया करतच असतोस, कधी पत्रातही करत जा.

तुझी,
आत्या

१४ जानेवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून पोट धरून हसलो. चिमी रोज तुझ्या आवाजाने झोपते. आम्ही दोघं घसा फोडून दमलो होतो, तू चार वाक्यांत काम करतेस.

मला बढती मिळाली. तू विचारतेस की मी नक्की करतो काय. आमची कंपनी लोकांशी संवाद साधते. लोक आम्हाला ओळखत नाहीत, पण आम्ही त्यांना ओळखतो, एवढाच काय तो फरक. साहेबांच्या भिंतीवर जगाचा नकाशा आहे. जिथे निवडणूक, तिथे टाचणी. आता नकाशापेक्षा टाचण्याच जास्त दिसतात. परवा त्यांनी तुझी एक गोष्ट ऐकली आणि म्हणाले, की असा विश्वासाचा आवाज हल्ली कारखान्यात बनत नाही. मी म्हटलं, आत्या कुणाची आहे!

तारणहारांवर एवढी चिडू नकोस. कामं करतात ना? थोडा दरारा लागतोच. तब्येत सांभाळ आणि या शहाण्या भाच्यावर लोभ असू दे.

तुझा,
ठोंब्या

५ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास आशीर्वाद.

मतदानाच्या सकाळी शाळेत गेले, तर रांगच नाही. परत येताना पाहिलं, पेन्शनर बनियनवर गॅलरीत पेपर वाचत बसलेले. मतदानाला का आला नाहीत म्हणून विचारलं, तर माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, की सकाळी तुम्हीच तर फोन करून मतदान रद्द झाल्याचं सांगितलंत. त्यांनाच नाही, गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना मी फोन केले होते म्हणे. सगळ्यांनी ऐकलंही. मी गाडी रद्द म्हटलं की पिशवी उचलून घरी जायची या गावाला सवय आहे. वाद घालायचा तो गाडी आल्यावर कंडक्टरशी, माझ्याशी नाही. त्याच सवयीने त्यांनी सदरे परत खुंटीला अडकवले. नर्सबाई थोडक्यात पडली. तारणहारांनी विजयसभेत जनतेचे आभार मानले. माझं नाव कसं विसरले कोण जाणे.

पेन्शनरांच्या फोनमध्ये तो निरोप राहिला होता, तो मी ऐकला. आजचे मतदान रद्द झाले आहे, पुन्हा सांगते, रद्द झाले आहे. इथवर स्थानकावरची मी होते. असा आवाज कुणीही चोरला असेल म्हटलं. पण पुढे होतं, आता निवांत पडा, मी आहे ना. ठोंब्या, परिवहन खातं प्रवाशांना असलं काही सांगत नसतं. हे मी फक्त तुझ्या लेकीला म्हटलं आहे.

मी दारोदार जाऊन सांगतेय की ती मी नव्हे. पण गावाने ऐकलाय तो आवाज, तोंड कुणी पाहिलंय? एक बाई म्हणाली, आवाज अगदी हुबेहूब काढतेस हो, पण आता पुरे. घरी येऊन मी रडले.

नर्सबाईने तक्रार केली आहे. वीस तारखेला निवडणूक कचेरीत सुनावणी आहे. तारणहारांचे वकील म्हणतात, फोन या बाईनेच केले, हिलाच आत टाका. तो आवाज कुठे बनला हे सांगू शकणारा एकच माणूस मला माहीत आहे. त्याला मी लहानपणी नाक पुसायला शिकवलं. लोभाचं काय ते तूच ठरव.

आत्या

११ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

आमच्या कायदा विभागाशी बोललो. त्यांच्या मते, तू मान्य आहे दाबलंस तेव्हाच तो आवाज कंपनीचा झाला. कंपनी फक्त साधन पुरवते, गिऱ्हाईक त्याचं काय करतं याच्याशी तिचा संबंध नाही. तू सुनावणीत वयामुळे काही आठवत नाही असं सांगावंस. म्हाताऱ्या बाईला कुणी आत टाकत नाही. मी तिथे आलो तर नोकरी जाईल, आणि तारणहारांचे हात इथवर पोचतात हे मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. समजून घे.

पत्र इथे संपवून पाकिटात घातलं होतं. आज पुन्हा काढलं.

दुपारी कंपनीतून आणलेला तो निरोप एकदा नीट ऐकावा म्हणून घरी लावला. चिमी बाहेर खेळायला निघाली होती, पायात बूट होते. शेवटचं वाक्य ऐकताच ती होती तिथेच फरशीवर आडवी झाली आणि डोळे घट्ट मिटून घेतले. भर दुपारी. मी उठ म्हणालो, तर हळूच म्हणाली, की आजी आहे ना. आत्या, मला तिच्याकडे बघवेना.

मी यावं का? दार उघडशील का?

ठोंब्या

१५ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास आशीर्वाद.

वयामुळे विसरल्याचं सांगायचा तुझा सल्ला मी वयामुळे विसरले.

ये. चिमीलाही आण. गोष्टी मी तोंडाने सांगेन, काही मान्य करावं लागणार नाही. वीस तारखेची पहिली गाडी धर. स्थानकातून बाहेर पडलास की डावीकडे माझं घर आणि उजवीकडे कचेरी. डावीकडे बघायचंसुद्धा नाही. आधी उजवीकडे वळायचं आणि ठाऊक आहे ते सगळं सांगायचं. पुन्हा सांगते, आधी उजवीकडे. मग घरी ये, दार उघडंच असेल.

राग आहे, तो राहील. नोकरी बहुतेक जाईल. तारणहारांची माणसं माझ्या दारापर्यंत येतील, तेही दिसतंय. भीती वाटली तर वाटू दे.

मी आहे ना.

तुझी,
आत्या